शालेय ग्रंथपरिचयासाठी कादंबरीची निवड : नेसरीच्या अनुषंगाने

१

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने अवांतर वाचनासाठी एखादी कादंबरी निवडावी, ती सुट्टीत वाचावी आणि चार-पाच पानांत तिचा परिचय लिहून शिक्षकांस सादर करावा, हा स्वाध्याय वरवर पाहता अगदी साधा आहे. त्याला परीक्षेत फारसे गुण नसतात आणि पाठ्यपुस्तकातील स्थूलवाचनाच्या उताऱ्यांइतकेही महत्त्व त्याला सहसा दिले जात नाही. परिणामी निवडीचा प्रश्न बहुधा पुस्तकाच्या जाडीवर, कपाटातील उपलब्धतेवर किंवा थोरल्या भावंडाने आधी लिहून ठेवलेल्या वहीवर सुटतो. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने या स्वाध्यायाकडे दुर्लक्ष करणे इष्ट नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य सुशिक्षितांचे भूतकाळाविषयीचे ज्ञान शालेय क्रमिक पुस्तक आणि ऐतिहासिक कादंबरी या दोन साधनांवरच पोसलेले असते. क्रमिक पुस्तक परीक्षेनंतर विस्मृतीत जाते, कादंबरी मात्र आयुष्यभर स्मरणात राहते. म्हणजेच कोणती कादंबरी निवडावी हा प्रश्न कोणता इतिहास स्मरणात राहावा या प्रश्नापासून फार दूर नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी या गावी हा प्रश्न विशेष तीव्र स्वरूपात उभा राहतो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, मराठ्यांचे सरनोबत प्रतापराव गुजर विजापूरकरांचा सरदार बहलोलखान याच्याशी लढताना येथे धारातीर्थी पडले. इतरत्रच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग पुस्तकातला आहे, नेसरीच्या विद्यार्थ्याला तो गावाच्या शिवेवरचा आहे. खिंडीतील स्मारक त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. कुसुमाग्रजांची या प्रसंगावरील कविता आणि तिचे लता मंगेशकर यांच्या स्वरातील गीत त्याच्या कानांवर अक्षरओळख होण्यापूर्वीच पडलेले असते. अशा विद्यार्थ्याने हा प्रसंग ज्या कादंबरीत आला आहे ती हाती घेतली, तर त्याने ती कशी वाचावी? त्याहून मूलभूत प्रश्न असा की, तीच त्याने निवडावी काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

२

प्रथम साधनांचा विचार करणे प्राप्त आहे. १६७३ च्या मार्चमध्ये पन्हाळा मराठ्यांच्या हाती आला आणि तो परत घेण्यासाठी विजापूर दरबाराने बहलोलखानास पाठविले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उमराणी येथे प्रतापरावांनी खानाच्या सैन्याचे पाणी तोडून त्यास अडचणीत आणले, परंतु शेवटी त्याला निसटून जाऊ दिले. शिवाजीमहाराजांना ही गोष्ट मान्य झाली नाही. पुढे खानाची हालचाल पुन्हा सुरू झाली तेव्हा महाराजांनी प्रतापरावांस कडक शब्दांत बजावले आणि त्यातूनच नेसरीचा प्रसंग ओढवला, अशी हकीकत कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीवरून सर्वपरिचित झाली आहे.

ही बखर १६९७ मध्ये जिंजी येथे छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. म्हणजे प्रसंग आणि लेखन यांत तेवीस वर्षांचे अंतर आहे. सभासद हा महाराजांच्या पदरी असलेला जाणकार लेखक होता, त्यामुळे त्याच्या साक्षीचे मोल मोठे आहे. परंतु नेसरीविषयी त्याने जे लिहिले आहे ते बारकाईने वाचल्यास एक गोष्ट ध्यानात येते. त्याच्या वर्णनात मोठ्या युद्धाचे, पुष्कळ रक्तपाताचे चित्र आहे. सात घोडेस्वारांचा आकडा त्यात नाही. गावाचे नावही तेथे 'जेसरी' असे पडले आहे.

मग सातांचा आकडा आला कोठून? तो इंग्रजांच्या कागदपत्रांतून आला आहे. इंग्रजांच्या सेवेतील नारायण शेणवी याने ४ एप्रिल १६७४ च्या पत्रात आपल्या धन्यांना प्रतापरावांच्या मृत्यूची वार्ता कळविली. प्रसंगाला तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. दोन टेकड्यांमधील चिंचोळ्या जागी प्रतापराव आणखी सहा घोडेस्वारांसह मारले गेले आणि उर्वरित सैन्याची कुमक त्यांना पोहोचली नाही, असा त्या वार्तेचा आशय आहे. सर जदुनाथ सरकार यांनी आपल्या शिवचरित्रात या पत्राचा उपयोग केला आणि तेथून पुढे सात वीरांची कथा इतिहासग्रंथांत स्थिर झाली.

या दोन साधनांची तुलना इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुष्कळ काही शिकविणारी आहे. जो तपशील आज काव्यमय वाटतो, तो सहा स्वारांचा आकडा, व्यापारी कंपनीच्या रुक्ष पत्रव्यवहारातला आहे. जी साधी, विश्वासार्ह हकीकत वाटते, ती मोठ्या युद्धाची, स्वराज्याच्या निष्ठावंत सेवकाने दोन तपांनी सांगितलेली आहे. दोन्ही साधने एका मुद्द्यावर एकमत आहेत : सरनोबत रणात पडले. त्यापुढच्या सर्व गोष्टींत अभ्यासकाला तोलूनमापून निर्णय करावा लागतो.

याखेरीज आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शेणवीच्या पत्रात सहा स्वार आहेत, त्यांची नावे नाहीत. आज जी नावे सांगितली जातात ती परंपरेने चालत आलेली आहेत. ती सर्वस्वी निराधार आहेत असे म्हणण्याचे कारण नाही, परंतु समकालीन पत्राच्या साक्षीने त्यांना आधार मिळत नाही, एवढे म्हणणे भाग आहे. तसेच प्रतापरावांच्या मनात त्या घटकेला काय होते, सहाजण त्यांच्यामागे का धावले आणि बाकीचे सैन्य मागे का राहिले, या तीन प्रश्नांवर साधने जवळजवळ मौन धरतात. पुढील घटना ज्ञात आहेत. आनंदरावाने विस्कळीत फौज सावरली, हंबीरराव मोहिते यांस सरनोबती मिळाली, प्रतापरावांची कन्या राजारामांस दिली गेली आणि त्याच वर्षी ६ जून रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. परंतु खिंडीतील त्या काही क्षणांचे अंतरंग कागदांत नाही. इतिहासकार येथे थांबतो. कादंबरीकाराचे काम येथूनच सुरू होते.

३

कादंबरी शाळेत शिरली ती सहजासहजी नव्हे. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडविणे हा त्याचा उघड हेतू होता. त्यापाठोपाठ लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या आणि वाचकांची अभिरुची राजपुत्र, राक्षस व विलक्षण योगायोग यांच्याकडे वळली. पुढे रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या रूपांतरांचीही मराठीत चलती झाली. या सर्वांमुळे कादंबरी म्हणजे वेळेचा अपव्यय व मनाची चलबिचल, असा समज पालक व शिक्षक या दोघांतही दृढ झाला. तो सर्वस्वी अनाठायी होता असेही म्हणता येत नाही.

या संशयातून कादंबरीची सुटका ज्या प्रकाराने केली, तो प्रकार ऐतिहासिक कादंबरीचा होय. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी 'विविधज्ञानविस्तार' या मासिकातून शिवकाळाची पार्श्वभूमी असलेली 'मोचनगड' ही कादंबरी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. मराठीतील ही पहिली ऐतिहासिक कादंबरी. गुंजीकर हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे आणि पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे हरि नारायण आपटे यांनी 'उषःकाल' व 'गड आला पण सिंह गेला' (१९०३) या कादंबऱ्यांनी आणि नाथमाधव यांनी स्वराज्यविषयक कादंबरीमालेने हा प्रकार घराघरांत नेला. कादंबरी वाचणे हा आता देशभक्तीचा भाग ठरला. जे पालक 'मंजुघोषा' लपवून ठेवीत, तेच 'उषःकाल' मुलांच्या हाती देऊ लागले.

इतिहाससंशोधकांनीही कादंबरीला तुच्छ लेखले नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये सिद्ध करणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये 'कादंबरी' या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. अस्सल कागदाखेरीज दुसऱ्या कशावरही विसंबू नये असा आग्रह धरणाऱ्या संशोधकाला या वाङ्मयप्रकाराची दखल घ्यावीशी वाटली, यातच त्याचे सामर्थ्य दिसून येते.

परंतु प्रतिष्ठेबरोबर एक धोकाही आला. कादंबरी देशभक्तीचे साधन ठरल्यावर तिची तपासणी करण्याची प्रवृत्ती मंदावली. याचे ठळक उदाहरण 'गड आला पण सिंह गेला' हेच होय. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांच्या बलिदानानंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, ही समजूत कादंबरीच्या नावामुळेच पिढ्यान्‌पिढ्या पक्की झाली. वस्तुतः सिंहगड हे नाव त्यापूर्वीच्या, १६६३ च्या, पत्रातही आढळते. तानाजींच्या पराक्रमाला यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याने कादंबरीचे शीर्षक हेच ऐतिहासिक प्रमाण मानले, त्याला हे पत्र दाखविल्यास तो एक तर पत्रावर रागावतो किंवा कादंबरीवर. दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या शिक्षणाच्या द्योतक आहेत.

४

नेसरीच्या विद्यार्थ्याला आणखी एक विशेष लाभला आहे. ज्या प्रदेशात तो वाढतो तो प्रदेशच कादंबरीकारांचा आहे. रणजित देसाई (१९२८-१९९२) हे कोवाडचे. कोवाड नेसरीहून फार लांब नाही. चंदगड तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे या भागाचा कानडी मुलखाशी असलेला संबंध जुना आहे. शिवाजी सावंत यांचा जन्म १९४० मध्ये शेजारच्या आजऱ्याचा. आनंद यादव कागलचे, विश्वास पाटील शाहूवाडी भागातील नेर्ल्याचे. वि. स. खांडेकर यांनी शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षे अध्यापन केले आणि नंतर कोल्हापूर हीच कर्मभूमी मानली. त्यांच्या 'ययाति' (१९५९) या कादंबरीस १९६० मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक आणि १९७४ मध्ये त्यांस ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

हा केवळ योगायोग मानून चालणार नाही. कोल्हापुरात ग्रंथालयाची परंपरा १८५० इतकी जुनी आहे. त्या वर्षी स्थापन झालेले ग्रंथालय आज करवीर नगर वाचन मंदिर या नावाने परिचित आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला आणि शेतकरी कुटुंबांतील मुले प्रथमच मोठ्या संख्येने अक्षरांशी परिचित होऊ लागली. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था आणि १९५४ मध्ये बापूजी साळुंखे यांची श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था या संस्थांनी दक्षिण महाराष्ट्राच्या खेड्यांपर्यंत माध्यमिक शिक्षण नेले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. वाचक आणि पुस्तक यांची गाठ खेड्यात पडू लागली, ती या क्रमाने.

याच दशकात मराठी ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीला नवा बहर आला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. देसाई यांची थोरल्या माधवराव पेशव्यांवरील 'स्वामी' १९६२ ची असून तिला १९६४ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. सावंत यांची कर्णावरील 'मृत्युंजय' १९६७ ची, तर देसाई यांची 'श्रीमान योगी' १९६८ ची. 'मृत्युंजय' लिहिली गेली तेव्हा तिचा लेखक कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिक्षक होता. गुंजीकर, खांडेकर, सावंत अशी ही शिक्षक-कादंबरीकारांची परंपरा आहे. शालेय विद्यार्थ्याने कादंबरीचा परिचय लिहावा, ही अपेक्षा त्या परंपरेला मुळीच परकी नाही.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. नेसरीच्या विद्यार्थ्याची पहिली निवड 'श्रीमान योगी' ही असणे अगदी स्वाभाविक आहे. विषय शिवचरित्राचा, लेखक शेजारच्या गावचा आणि प्रतापरावांचा प्रसंग तिच्या कक्षेत येणारा. अडचण पहिली लांबीची. हजाराहून अधिक पृष्ठांची ही कादंबरी एका सुट्टीत नीट वाचून होणे कठीण आहे आणि न वाचताच तिचा सारांश लिहिण्याचा मोह मोठा आहे. परंतु ही अडचण गौण होय. खरी अडचण वाङ्मयप्रकाराच्या स्वरूपाची आहे.

ऐतिहासिक कादंबरीचे दोन भेद स्थूलमानाने करता येतात. एका प्रकारात नायक कल्पित असतो आणि इतिहासप्रसिद्ध व्यक्ती बाजूला वावरतात. स्कॉटने १८१४ च्या 'वेव्हर्ली'पासून हीच पद्धत स्वीकारली. थोर पुरुषाला मध्यभागी न ठेवता एखाद्या मध्यम प्रतीच्या माणसाच्या नजरेने युगसंघर्ष दाखवावा यातच स्कॉटचे सामर्थ्य आहे, असे हंगेरियन समीक्षक लुकाच याने दाखवून दिले. आपट्यांची 'उषःकाल' या वळणाची आहे. तिच्यात कल्पित घराण्याची कथा पुढे असून शिवाजीमहाराजांचा उदयकाल तिच्या पार्श्वभागी आहे. दुसऱ्या प्रकारात इतिहासपुरुष हाच नायक असतो. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' या दुसऱ्या प्रकारच्या होत.

दोन्ही प्रकारांची कसोटी एक नव्हे. पहिल्या प्रकारात वाचकाने वातावरण, आचारविचार, भाषा व सामाजिक संबंध त्या काळाशी सुसंगत आहेत की नाहीत हे पाहावे. नायक खरोखर होऊन गेला काय, हा प्रश्न तेथे गैरलागू आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र घटनांचा क्रम व त्यांची कारणपरंपरा हीसुद्धा तपासणीस पात्र ठरते, कारण लेखकाने स्वतःच इतिहासाच्या मुख्य रस्त्यावरून चालण्याचे पत्करलेले असते. शिवाय चरित्रात्मक कादंबरीत प्रत्येक प्रसंगाला नायकाच्या संदर्भात अर्थ प्राप्त होतो. नेसरी ही तेथे प्रथमतः महाराजांच्या जीवनातील घटना असते. स्वामीच्या कठोर शब्दाचा सेवकाने घेतलेला अर्थ आणि त्याचे स्वामीला झालेले दुःख, असा तिचा आकार बनतो. हा आकार कलादृष्ट्या योग्य आहे आणि बखरीतील परंपरेशी जुळणाराही आहे. परंतु शेणवीच्या पत्रातील एक वाक्यांश, कुमक पोहोचली नाही हा, या आकारात सहज मावत नाही. एकाकी आत्मार्पण आणि लष्करी समन्वयाचा अभाव या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. वीरकथा पहिली बाजू उजळते. इतिहासाला दोन्ही पाहाव्या लागतात.

यावरून विद्यार्थ्याने 'श्रीमान योगी' निवडू नये, असा निष्कर्ष निघत नाही. उलट या कादंबरीला एक दुर्मीळ सोय लाभली आहे. नरहर कुरुंदकर यांनी तिला लिहिलेली दीर्घ प्रस्तावना शिवाजीमहाराजांच्या ऐतिहासिक थोरवीचा विचार साधनांच्या व तर्काच्या आधारे करते. कथा आणि चिकित्सा एकाच बांधणीत वाचकाच्या हाती पडावी, असा योग मराठीत क्वचितच येतो. शालेय वाचक बहुधा प्रस्तावना ओलांडून पहिल्या प्रकरणाकडे धावतो. शिक्षकाने त्याला कादंबरी संपल्यावर प्रस्तावनेकडे परत आणावे. संपूर्ण ग्रंथ पेलत नसेल तर प्रतापरावांशी संबंधित भाग व प्रस्तावना यांचाच परिचय लिहून घ्यावा, आणि परिचय मर्यादित भागाचा आहे असे त्यात स्पष्ट नमूद करण्यास सांगावे. न वाचलेल्या हजार पृष्ठांच्या सारांशापेक्षा वाचलेल्या शंभर पृष्ठांचा प्रामाणिक परिचय केव्हाही श्रेष्ठ होय.

६

येथवरचे विवेचन कागद श्रेष्ठ आणि कादंबरी दुय्यम, असे सुचवीत असल्याचा ग्रह होण्याचा संभव आहे. तो एकांगी ठरेल. म्हणून विरुद्ध बाजूचे एक उदाहरण घेणे अवश्य आहे.

अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. तिला १९६१ मध्ये महाराष्ट्र शासनाचे पारितोषिक मिळाले. लेखक सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे आणि त्यांचे शालेय शिक्षण नाममात्र झालेले होते. दुष्काळात उपाशी माणसांना जगविण्यासाठी धान्य लुटणारा आणि इंग्रजी सत्तेशी झुंजणारा मांग समाजातील वीर हा तिचा नायक आहे. आता या नायकाची हकीकत कागदांत शोधू गेल्यास काय सापडेल? १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची रीत सुरू झाली, आणि त्या काळाच्या सरकारी दफ्तरात अशा माणसांची नोंद व्हायची ती आरोपी म्हणूनच. येथे कागद समकालीन आहे, अस्सल आहे आणि तरीही पक्षपाती आहे. अशा ठिकाणी कादंबरी कागदाची चूक दाखवून देते. एका समाजाची स्मृती जी दफ्तराने नाकारली, ती तिच्यात टिकून राहिली.

नेसरीचे पत्र आणि 'फकिरा' ही कादंबरी शेजारी ठेवली म्हणजे साधनचिकित्सेचा खरा धडा पुरा होतो. नेसरीच्या बाबतीत परक्याचे रुक्ष पत्र आपल्या जिव्हाळ्याच्या कथेला आधारही देते आणि तिच्यात दुरुस्तीही सुचविते. 'फकिरा'च्या बाबतीत जिव्हाळ्याची कथा परक्याच्या दफ्तराला दुरुस्त करते. दोन्ही ठिकाणी विचारावयाचा प्रश्न एकच : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणासाठी लिहिले?

इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या कादंबऱ्याही या प्रश्नापासून मुक्त नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आकाराने लहान, भाषेने सुबोध आणि एका तरुण शिक्षकाच्या अनुभवातून औंध संस्थानातील धनगरवस्तीचे चित्र उभे करणारी आहे. आज ती समकालीन कथा म्हणून वाचता येत नाही. संस्थानी अमदानीतील एकशिक्षकी शाळेचे ते साधन झाले आहे. आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) हीदेखील तशीच. शिक्षणासाठी घरच्या दारिद्र्याशी झगडणाऱ्या कागलच्या मुलाची ती कहाणी शाळेच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याला त्या बाकाचे मोल सांगते. ज्या विद्यार्थ्याला वीरकथेत रस वाटत नाही, त्याला ऐतिहासिक कादंबरीची सक्ती करण्याचे मुळीच कारण नाही.

७

सारांश, निवडीसंबंधी काही व्यावहारिक सूत्रे मांडता येतील. पहिले, कादंबरी विद्यार्थ्याला पेलेल एवढी असावी. जाडी हा पुस्तकाचा गुण नव्हे आणि दोषही नव्हे, परंतु अर्धवट वाचनाचे ते सर्वांत सामान्य कारण आहे. दुसरे, ऐतिहासिक कादंबरी निवडल्यास तिच्यातील एका प्रसंगापुरते तरी एखादे मूळ साधन किंवा विश्वसनीय इतिहासग्रंथ सोबत वाचावा. सर्व कादंबरीची छाननी करणे हे शालेय विद्यार्थ्याचे काम नव्हे, परंतु एका प्रसंगाची करणे त्याच्या आवाक्यात आहे. तिसरे, परिचयात कथानकाच्या सारांशाला निम्म्याहून कमी जागा द्यावी आणि उरलेल्या जागेत लेखकाने कोणती गोष्ट साधनांतून घेतली, कोणती कल्पनेने भरली आणि ती भर का घालावीशी वाटली असावी, याचा विचार करावा. चौथे, एका विषयावरील दोन कादंबऱ्या उपलब्ध असतील तर दोन विद्यार्थ्यांना त्या वाटून द्याव्यात. कर्णावरील 'मृत्युंजय' आणि देसाई यांची 'राधेय' (१९७३) ही जोडी या दृष्टीने आदर्श आहे. शेजारच्या दोन तालुक्यांतील दोन लेखकांनी सहा वर्षांच्या अंतराने एकाच पात्राकडे कसे पाहिले, हे कळल्यावर कादंबरी म्हणजे एका व्यक्तीने लावलेला अन्वयार्थ होय, हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही.

अशा स्वाध्यायाने विद्यार्थ्याचा अभिमान उणावेल, अशी भीती काही पालकांस व शिक्षकांस वाटणे संभवते. नेसरीच्या प्रसंगाने ती निराधार ठरते. प्रतापरावांच्या मागे सहा स्वार गेले, ही गोष्ट कवीची किंवा कादंबरीकाराची कल्पना असती तर तिच्याविषयी संशय घेणे शक्य होते. ती एका तिऱ्हाइताने, कसलाही गौरव करण्याचा हेतू नसताना, सहा आठवड्यांच्या आत लिहून ठेवली आहे. चिकित्सेने येथे अभिमानाचा पाया अधिक भक्कमच केला आहे.

जे चिकित्सेच्या पलीकडे राहते ते त्या सहाजणांचे अंतरंग. सरनोबताचे नाव इतिहासाने राखले, त्याच्या मागून गेलेल्यांची केवळ संख्या राखली. परंपरेने त्यांना नावे दिली आणि कवी-कादंबरीकारांनी मने दिली. नेसरीच्या शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या परिचयात ही तीन वाक्ये वेगवेगळी लिहिली, अर्थात पत्रात काय आहे, परंपरा काय सांगते आणि कादंबरीने काय कल्पिले, तर त्या सहा स्वारांचा योग्य तो मान राखला गेला असे म्हणता येईल. आणि कादंबरीची निवडही सार्थ ठरली असे समजण्यास प्रत्यवाय राहणार नाही.